जुना हुकूमनामा आणि बिघडलेला सिबिल: मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पर्सनल लोन थकलं, बँकेने दावा लावला, निकाल लागला आणि मग वर्षानुवर्षं कोणी फिरकलंच नाही. आता मुलीच्या शिक्षणासाठी किंवा बदलापूरच्या फ्लॅटसाठी कर्ज काढायला गेलात, तर सिबिलमधून, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीतून, जुनं प्रकरण पुन्हा समोर उभं. असे लोक इतके भेटतात की त्यांचे प्रश्न आता पाठ झालेत. मी बँकेच्या वसुली खात्यात नोकरी केली, वकिली नाही. कागद वकिलाला दाखवाच. पण त्याच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं, ते इथे वाचून जा.

माझ्याकडे एक कागद आहे. तो हुकूमनामाच आहे का?

आधी कागदाचा मथळा वाचा. सिटी सिव्हिल कोर्ट, स्मॉल कॉजेस कोर्ट किंवा उच्च न्यायालयाने रक्कम द्यायला सांगितली असेल, तर तो हुकूमनामा, म्हणजे डिक्री. फायनान्स कंपनीने लवाद नेमला असेल, तर त्याचा निकाल म्हणजे 'अवॉर्ड'. त्याची वसुली १९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे डिक्रीसारखीच होते. पतपेढीचं कर्ज असेल, तर सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचा वसुली दाखला. बँकेची थकबाकी २० लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर प्रकरण डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात जातं आणि तिथून रिकव्हरी सर्टिफिकेट निघतं.

लाल शिक्क्याची, 'अंतिम इशारा' लिहिलेली वकिलाची नोटीस यातलं काहीच नाही. अशी नोटीस आली म्हणून घाईघाईने पैसे भरलेले लोक मी पाहिलेत.

कागदच हरवला असेल, तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर स्वतःच्या नावाने शोधा, नावाची स्पेलिंगं उलटसुलट करून. सापडलं की सीएनआर नंबर, म्हणजे प्रकरणाचा ओळख क्रमांक, टिपून ठेवा आणि नक्कल विभागात प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. २०१२ नंतर उच्च न्यायालयातले बरेच लहान रकमेचे दावे सिटी सिव्हिल कोर्टात वर्ग झाले. त्यामुळे जुना नंबर लागत नसेल, तर नवा नंबर पडलाय का ते बघा. नक्कल हातात आल्याशिवाय बँकेशी एक शब्दही बोलू नका.

निकालाला दहा वर्षं होऊन गेली. आता तो बाद झाला असेल ना?

नाही. पैशाच्या हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला १२ वर्षांची मुदत आहे (मुदत कायदा, १९६३, अनुच्छेद १३६). लोकांच्या डोक्यात तीन वर्षं बसलेली असतात. ती दावा लावण्याची मुदत. दावा लागून निकाल झाला की तीनचा हिशेब संपतो आणि बाराचा सुरू होतो.

दुसरी मेख अशी, की बारा वर्षांच्या आत एकदा दरखास्त, म्हणजे हुकूमनामा अंमलात आणायचा अर्ज, दाखल झाली असेल, तर ती पुढे कितीही वर्षं चालू राहू शकते. म्हणून निकालाची तारीख पुरेशी नाही. दरखास्त दाखल आहे का, कधी झाली, निकाली निघाली की पडून आहे, हे सगळं बघावं लागतं. निकालानंतर दोन वर्षांहून जास्त काळाने दरखास्त आली, तर कोर्टाने आधी तुम्हाला नोटीस काढली पाहिजे. ती पाकिटं न उघडता पोस्टमनला परत करायची खोड असेल, तर आज सोडा.

थोडे पैसे भरले की मुदत पुन्हा नव्याने सुरू होते म्हणतात. खरं का?

हुकूमनाम्याच्या बाबतीत नाही. मुदत कायद्याच्या कलम १८ आणि १९ मध्ये कर्जाची कबुली दिल्याने किंवा अंशतः भरणा केल्याने मुदत वाढते. पण हुकूमनाम्याची अंमलबजावणी त्यातून स्पष्टपणे वगळलेली आहे. त्यामुळे पाच हजार भरलेत म्हणून बारा वर्षं पहिल्यापासून मोजली जात नाहीत.

ज्या कर्जावर अजून दावाच झालेला नाही, त्याची गोष्ट उलटी. तिथे तीन वर्षं संपायच्या आत केलेला छोटा भरणा किंवा सहीचं पत्र मुदत नव्याने सुरू करतं. वसुलीवाला 'टोकन म्हणून हजार तरी टाका' असा आग्रह धरतो, त्यामागे कधीकधी हेच असतं. आपलं प्रकरण कुठल्या खान्यातलं, हे ठरल्याशिवाय जीपेला हात लावू नका.

मला समन्सच मिळालं नव्हतं. चाळ सोडून आम्ही डोंबिवलीला गेलो होतो.

मुंबईत हे फार होतं. खोली रीडेव्हलपमेंटला जाते, माणसं ट्रान्झिट कॅम्पात, आणि समन्स जुन्या दारावर चिकटतं. मग निकाल एकतर्फी होतो. तो रद्द करून घ्यायला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९ नियम १३ खाली अर्ज करता येतो. मुदत ३० दिवस. समन्स रीतसर बजावलंच गेलं नसेल, तर ती तुम्हाला निकाल कळल्यापासून धरतात.

पण एक विचार करा. कर्ज घेतलं होतं आणि हप्ते थकले होते हे खरं असेल, तर एकतर्फी निकाल रद्द झाला तरी दावा पहिल्यापासून चालणार. वकिलाची फी, तारखा, आणि शेवटी बहुधा तोच आकडा. रकमेबद्दलच खरा वाद असेल, सही तुमची नसेल, भरलेले हप्ते धरलेच नसतील, तर जरूर लढा. नाहीतर हा मुद्दा तडजोडीच्या टेबलावर वापरलेला बरा.

नक्की किती द्यायचे निघतात? बँक सांगते तो आकडा ऐकून चक्कर येते.

बँकेच्या कॉम्प्युटरला हुकूमनामा वाचता येत नाही. तो क्रेडिट कार्डाच्या दराने व्याजावर व्याज लावत सुटतो. तुम्ही मात्र देणं लागता ते हुकूमनाम्यात लिहिलेलं: मुद्दल, दाव्याचा खर्च, आणि निकालानंतर कोर्टाने जो दर दिला असेल त्या दराने व्याज. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३४ प्रमाणे निकालानंतरचं हे व्याज सर्वसाधारणपणे ६ टक्क्यांच्या पुढे जात नाही. व्यवहार व्यापारी स्वरूपाचा असेल, तर करारातल्या दरापर्यंत जाऊ शकतं.

हिशेब करून बघा. मुद्दल १,८०,००० रुपये, निकालाला ९ वर्षं झाली, व्याज ६ टक्के. व्याज झालं ९७,२००. एकूण २,७७,२००, अधिक खर्च. तेच १८ टक्क्यांनी व्याज २,९१,६०० आणि एकूण ४,७१,६००. दोन आकड्यांत जवळजवळ दोन लाखांचा फरक, आणि तो हुकूमनाम्यातल्या एका ओळीवर ठरतो. म्हणून नक्कल आधी काढायची.

मधल्या काळात काही भरलं असेल, तर पावत्या शोधा. अशी रक्कम साधारणपणे आधी व्याज आणि खर्चात वळती होते, उरली तर मुदलात.

पैसे कोणाला द्यायचे? फोन एका कंपनीचा येतो, निकाल दुसऱ्या बँकेच्या नावाने आहे.

बँका थकीत कर्जं मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना, म्हणजे एआरसींना विकतात. विकलं असेल तर हक्क एआरसीचा, आणि कोर्टात डिक्री अंमलात आणायला तिला त्याच संहितेच्या आदेश २१ नियम १६ प्रमाणे अर्ज करावा लागतो. फोनवरच्या माणसाकडे दोन गोष्टी मागा: कर्ज वर्ग झाल्याचं बँकेचं पत्र, आणि पैसे कंपनीच्या कुठल्या खात्यात जाणार ते कंपनीच्या लेटरहेडवर. मग मूळ बँकेला ईमेल करून खातं कोणाकडे आहे ते विचारा. एजंटच्या स्वतःच्या खात्यात एक रुपयाही नाही, रोख तर अजिबात नाही.

तडजोडीची बोलणी कशी करायची?

एकरकमी द्यायची ताकद किती, हे घरात आधी ठरवा. मग लेखी प्रस्ताव द्या आणि शाखेत पोच घ्या. पहिला नकार मनावर घेऊ नका. तिमाही संपत आली की वसुली खात्याचा सूर मऊ होतो, हे आतल्या माणसाचं सांगणं समजा.

प्रकरण कोर्टात चालू असेल, तर बँकेशी झालेली तडजोड कोर्टात नोंदवून तसा हुकूमनामा घ्यावा लागतो. हे रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या परिपत्रकातच आहे. मुंबईच्या कोर्टांत याला सगळे 'कन्सेन्ट टर्म्स' म्हणतात. राष्ट्रीय लोकअदालतीत दरखास्त ठेवून घेणं हाही चांगला मार्ग. तिथला अवॉर्ड डिक्रीसारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. वकील परवडत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

तडजोडीच्या पत्रात काय हवं? माझ्या मते एवढं नसेल तर पैसे सोडू नका:

'कर्ज खाते क्रमांक अमुक, दावा क्रमांक अमुक, हुकूमनामा दिनांक अमुक. या हुकूमनाम्याखालील सर्व येणे रक्कम रुपये अमुक इतक्या रकमेत पूर्ण व अंतिम तडजोडीने मिटविण्यास बँकेची मान्यता आहे. रक्कम मिळाल्यापासून १५ दिवसांत बँक कोर्टात पूर्णफेडीची पुरशिस दाखल करील, जामीनदारांना मुक्त करील व सर्व क्रेडिट ब्युरोंकडे खात्याची शिल्लक शून्य अशी माहिती पाठवील.'

पुरशिस म्हणजे कोर्टात दिलेलं लेखी निवेदन. मसुद्यातलं शेवटचं वाक्य बँकेच्या छापील पत्रात बहुतेक नसतं. मागून घ्यावं लागतं. हप्त्यांत देणार असाल, तर 'एक हप्ता चुकल्यास संपूर्ण मूळ रक्कम देय' या कलमाकडे बघा आणि निदान सात-आठ दिवसांची सवलत लिहून घ्या. पगार एक तारखेला झाला नाही म्हणून लाखाची सूट जाऊ नये.

पैसे भरले, नो ड्यूज (काही येणे बाकी नाही असा दाखला) मिळालं. आता झालं ना सगळं?

अर्धं झालं. लोक इथेच थांबतात, म्हणून हे उत्तर सगळ्यात सविस्तर देतो.

कोर्टाबाहेर डिक्रीदाराला, म्हणजे ज्याच्या बाजूने हुकूमनामा झाला त्याला, दिलेले पैसे अंमलबजावणी करणारं कोर्ट आपोआप मानत नाही. आदेश २१ नियम २ मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय: नोंद न झालेला किंवा प्रमाणित न केलेला भरणा कोर्ट विचारात घेणार नाही. म्हणजे बँकेच्या लेटरहेडवरचं नो ड्यूज तुमच्या फाइलमध्ये, आणि कोर्टाच्या फाइलमध्ये अख्खी रक्कम अजून बाकी. उद्या खातं एआरसीकडे गेलं, तिथल्या नव्या माणसाने जुनी यादी उघडली, की दरखास्त लागू शकते.

नोंद करून घ्यायचे दोन रस्ते. एक, बँकेचा वकील पुरशिस देतो. मजकूर साधा असतो: 'वर नमूद दरखास्तीतील हुकूमनाम्याची रक्कम तडजोडीने ठरल्याप्रमाणे दिनांक अमुक रोजी आरटीजीएसद्वारे मिळाली. हुकूमनाम्याची पूर्ण फेड झाली असून दरखास्तदाराचे काही येणे राहिलेले नाही. सबब दरखास्त निकाली काढावी.' खाली अधिकृत अधिकाऱ्याची आणि वकिलाची सही. कोर्ट त्यावर आदेश करतं. त्या आदेशाची प्रमाणित प्रत काढा, दोन काढा.

दुसरा रस्ता, बँक टाळाटाळ करत असेल तर तुम्ही स्वतः अर्ज करायचा, की मी पैसे दिले आहेत, डिक्रीदाराला नोटीस काढून नोंद करावी. या अर्जाला मुदत फक्त ३० दिवसांची आहे, पैसे दिल्या दिवसापासून (अनुच्छेद १२५). 'साहेब सुट्टीवर आहेत, पुढच्या महिन्यात बघू' या उत्तरात हीच मुदत निघून जाते. बँकेने नंतरही प्रमाणित केलं तर चालतं, तिला ही मुदत नाही. तुम्हाला आहे. म्हणून पैसे भरल्यावर कॅलेंडरवर विसाव्या दिवशी खूण करा. तोवर पुरशिस दाखल झाली नसेल, तर वकिलाकडून अर्ज घाला.

पुरावा लेखी लागतो: आरटीजीएसचा यूटीआर (व्यवहार) नंबर, डीडीची झेरॉक्स, बँकेची पावती. रोख दिलेले पैसे डिक्रीदाराने नाकारले, तर तुमच्या हातात काही उरत नाही.

तडजोड नाही आणि सगळीच रक्कम फेडायची आहे, तर तिसरीही वाट आहे. पैसे थेट कोर्टात भरा आणि डिक्रीदाराला रीतसर नोटीस द्या. ती बजावली गेल्या दिवसापासून भरलेल्या रकमेवरचं व्याज थांबतं.

माझा पगार जप्त होईल का? पीएफ? राहती जागा?

पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित (दिवाणी प्रक्रिया संहिता, कलम ६०). ४०,००० पगार असेल तर ३९,००० चा एक तृतीयांश, म्हणजे १३,००० महिन्याला कापले जाऊ शकतात. एकाच हुकूमनाम्यात ही कपात एकूण २४ महिने झाली, की त्या हुकूमनाम्यापुरता पगार कायमचा सुटतो. हे मालकाच्या पेरोल खात्याला माहीत नसतं. पंचविसाव्या महिन्यात तुम्हीच अर्ज करा. (पोटगीच्या हुकूमनाम्याचा हिशेब वेगळा.)

पीएफ, पीपीएफ, सरकारी पेन्शन, आयुर्विम्याचे पैसे, कारागिराची अवजारं, स्वयंपाकाची भांडी, आणि धर्मरीतीप्रमाणे स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने, म्हणजे मंगळसूत्र, यांना हात लावता येत नाही. बचत खातं मात्र गोठवता येतं.

पगडीच्या खोलीबद्दल गिरगाव-लालबागचे लोक हटकून विचारतात. भाडे नियंत्रण कायद्याखालच्या राहत्या जागेतला भाडेकरूचा हक्क कलम ६० ने जप्तीतून वगळलेला आहे. मालकीच्या फ्लॅटला ते संरक्षण नाही. सोसायटीचा फ्लॅट जप्त होऊन विकला जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये मुंबईतल्याच एका प्रकरणात सांगून टाकलंय. खोली रीडेव्हलपमेंटला गेली आणि मालकीचा फ्लॅट हातात आला, की परिस्थिती बदलते. नवीन चावीच्या आनंदात हे विसरू नका.

तुरुंगात टाकतात का हो?

फौजदारी गुन्हा नाही हा. दिवाणी कैद कायद्यात आहे, पण ऐपत असून मुद्दाम देत नाही, किंवा मालमत्ता लपवतोय, हे दाखवावं लागतं. नुसती गरिबी हे कारण होऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये बँक ऑफ कोचीनच्या खटल्यात ठरवलं. ५,००० च्या वरच्या रकमेसाठी जास्तीत जास्त तीन महिने. पैशाच्या हुकूमनाम्यात स्त्रीला अटक करताच येत नाही. कर्जासाठी दिलेला चेक वटला नसेल, तर चेक न वटल्याबद्दलचा कलम १३८ चा खटला वेगळा. तो फौजदारी आहे आणि तिथे तारीख चुकवली तर वॉरंट निघतं.

दारात माणूस आला. बेलिफ आहे की एजंट, कसं ओळखायचं?

बेलिफ म्हणजे कोर्टाचा माणूस. त्याच्याकडे कोर्टाच्या शिक्क्याचं वॉरंट असतं, त्यावर दरखास्तीचा नंबर असतो. तो सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात जप्तीसाठी घरात शिरू शकत नाही. त्याच्याशी हुज्जत नको. वॉरंटचा फोटो काढा आणि वकिलाला पाठवा.

एजंटला कसलाही अधिकार नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे त्याने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, शेजाऱ्यांसमोर तमाशा करायचा नाही. केलाच, तर बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तक्रार फुकट आहे.

हुकूमनामा सिबिलच्या रिपोर्टमध्ये दिसतो का?

कोर्ट सिबिलला काही कळवत नाही. बँक कळवते. रिपोर्टमध्ये त्या कर्जाच्या खात्यासमोर 'सूट फाइल्ड' (दावा लावलाय), 'रिटन ऑफ' (बँकेने वह्यांतून काढलं), थकीत रक्कम आणि मागच्या ३६ महिन्यांचे उशिराचे दिवस दिसतात. म्हणजेच एखाद्या व्यापाऱ्याचे किंवा नातेवाइकाचे हातउसने पैसे आणि त्यावरचा हुकूमनामा रिपोर्टमध्ये दिसत नाही, कारण ते ब्युरोचे, म्हणजे कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिलसारख्या कंपन्यांचे, सदस्यच नाहीत.

'रिटन ऑफ' वाचून काही जण खूश होतात, की बँकेने कर्ज सोडलं. बँकेने फक्त आपल्या वह्यांतून काढलं. तुमच्या डोक्यावरून नाही.

देशात चार ब्युरो आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकाने वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा असतो. चारही काढा. एकाच कर्जाची दोन खाती दिसतायत का बघा, एक मूळ बँकेच्या नावाने आणि दुसरं एआरसीच्या. मूळ बँकेकडे अजून थकबाकी दाखवत असेल, तर ती चूक आहे आणि दुरुस्त होते.

'सेटल्ड' बरं की 'क्लोज्ड'?

कमी रकमेत मिटवलं की 'सेटल्ड' किंवा 'पोस्ट रिटन ऑफ सेटल्ड' असं लागतं. पूर्ण भरलं की 'क्लोज्ड'. पुढची बँक 'सेटल्ड' बघून कपाळाला आठ्या घालते. शिवाय ज्या बँकेशी तडजोड केली, तिच्याकडून निदान १२ महिने नवीन कर्ज मिळत नाही. २०२३ च्या त्याच परिपत्रकात ही अट आहे.

माझं मत विचाराल, तर सूट वीस-तीस हजारांची असेल आणि दोन-तीन वर्षांत घरासाठी कर्ज लागणार असेल, तर ओढाताण करून पूर्ण भरा. सूट लाखांत असेल, तर 'सेटल्ड' घ्या आणि मोकळे व्हा. त्या शब्दासाठी घरातलं सोनं मोडू नका. पुढे हात सैल झाला, की सोडलेली रक्कम भरून 'क्लोज्ड' करून द्यायला बऱ्याच बँका तयार असतात. आधी लेखी घ्या.

पैसे भरून महिने झाले, रिपोर्ट तसाच आहे.

१ जानेवारी २०२५ पासून बँकांनी निदान दर पंधरवड्याला ब्युरोंना माहिती पाठवायची आहे. त्यामुळे महिना-दीड महिन्यात बदल दिसला पाहिजे. नाही दिसला, तर ब्युरोच्या संकेतस्थळावर तक्रार टाका आणि तेव्हाच बँकेलाही लिहा. सोबत नो ड्यूज, यूटीआर आणि कोर्टाच्या आदेशाची प्रत. हा आदेश जोडला, की शाखेतल्या कारकुनालाही 'वरून विचारतो' म्हणता येत नाही.

३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायला हवी. हा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. मागितल्याशिवाय कोणी देत नाही, म्हणून पत्रात स्पष्ट लिहा. पुढची पायरी लोकपाल. ब्युरोंविरुद्धही तिथे जाता येतं.

स्कोअर वाढायला किती दिवस?

महिने म्हणा. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो आणि जुना डाग एका रात्रीत जात नाही. ब्युरो माहिती निदान सात वर्षं ठेवतात. पण ताजा इतिहास जड जातो. मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड घ्या, मर्यादेच्या थोड्याच भागात वापरा, बिल पूर्ण भरा. दर आठवड्याला नव्या ॲपवर 'एलिजिबिलिटी' तपासत बसू नका. अर्ज केला की चौकशी नोंदली जाते. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने मात्र स्कोअर घसरत नाही.

दादर स्टेशनबाहेर बोर्ड आहे, 'सिबिल क्लीन करून मिळेल'. जाऊ का?

नको. खरी नोंद कोणी पुसू शकत नाही, आणि चुकीची नोंद तुम्ही फुकटात दुरुस्त करू शकता. ते लोक तुमचा ओटीपी घेऊन हीच तक्रार तुमच्या नावाने टाकतात.

पतपेढीचं कर्ज होतं आणि मी नुसता जामीनदार. माझ्या मागे का?

कारण करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आधी त्याच्याकडे जा, मग माझ्याकडे या, असं म्हणता येत नाही. सह्या करताना 'नुसता जामीन' असं कोणी म्हटलं असेल, तर तो शब्द महाग पडलाय. पतपेढीचा वसुली अधिकारी सहकार कायद्याच्या कलम १५६ आणि नियम १०७ खाली स्वतः जप्ती करू शकतो. वसुली दाखल्याविरुद्ध कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज करायचा तर ५० टक्के रक्कम आधी भरावी लागते. तुम्ही भरलेली रक्कम कर्जदाराकडून वसूल करायचा हक्क तुम्हाला आहे, म्हणून पावती तुमच्या नावाने घ्या.

वडील वारले. त्यांच्यावरचा हुकूमनामा मुलांवर येतो का?

त्यांच्याकडून जेवढं मिळालं तेवढ्यापुरता (दिवाणी प्रक्रिया संहिता, कलम ५०). काही मिळालं नसेल, तर तुमचा पगार आणि तुमचा सिबिल दोन्ही सुरक्षित. फोनवर भावनेच्या भरात 'मी फेडीन' असं लिहून देऊ नका.

दिवाळखोरी जाहीर केली तर?

मुंबईत व्यक्तीच्या नादारीला अजून १९०९ चा प्रेसिडेन्सी टाउन्स इन्सॉल्व्हन्सी कायदा लागतो आणि अर्ज उच्च न्यायालयात होतो. नव्या दिवाळखोरी संहितेतला सामान्य व्यक्तींचा भाग अजून लागू झालेला नाही, फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरता झालाय. दोन-चार लाखांच्या हुकूमनाम्यासाठी या वाटेला जाऊ नका.

फ्लॅटवर जप्तीची नोंद आहे. पैसे फिटले, आता खरेदीदार अडून बसलाय.

फेड कोर्टात नोंदली गेली, की जप्ती उठल्याचं धरलं जातं (आदेश २१ नियम ५५). पण सोसायटीच्या कपाटातल्या फाइलला ते कळत नाही. तुमच्या खर्चाने जप्ती उठल्याची जाहीर दवंडी करायला कोर्टाला सांगता येतं. ती करून घ्या. मग आदेशाची प्रमाणित प्रत जोडून सोसायटीच्या सेक्रेटरीला पत्र द्या, पोच घ्या, आणि समितीच्या पुढच्या सभेच्या इतिवृत्तात नोंद मागा. जप्तीचा आदेश दुय्यम निबंधकाकडे गेला असेल, तर तिथेही एक प्रत. घराची मूळ कागदपत्रं बँकेकडे तारण असतील, तर कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत ती परत करायची असतात. बँकेच्या चुकीने उशीर झाला, तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. खरेदीदाराच्या वकिलाला हा सगळा संच एकत्रच द्या, सुटा कागद दाखवला की तो पुढचा मागतो.